हिरोजींची पायरी आणि नोकरी शोधणारे अ‍ॅप

आजचा धागा जरा लांबणार आहे. यात लढाया नाहीत, तह नाहीत. प्रश्न एकच आहे: चित्र काढणाऱ्याला, दगड घडवणाऱ्याला, अक्षरे रेखाटणाऱ्याला काम कसे सापडत आले?

हा प्रश्न मला स्वतःहून सुचलेला नाही. माझी मावसबहीण महाडची. उपयोजित कलेची पदवी घेऊन ती सध्या डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे आणि अंतिम प्रकल्प म्हणून कला व डिझाइनच्या पदवीधरांना नोकरी शोधून देणारे एक अ‍ॅप आखते आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ‘‘दादा, अ‍ॅपचं पहिलंच पान अडलंय. माणसाला आधी काय विचारू? नाव, पदवी, कॉलेज, की त्यानं केलेलं काम? पूर्वी हे कोण आणि कसं विचारायचं, ते सांग.’’ इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा प्रश्न विचारणे म्हणजे पावसाळ्यात सावित्रीचे दार उघडून देण्यासारखे आहे. तिला जे सांगितले, तेच इथे थोडे नीट मांडतो.

सुरुवात आमच्याच गावापासून करू. मुंबई–गोवा महामार्गाने महाडात शिरण्यापूर्वी गांधारपाले लेणी लागतात. डोंगराच्या कुशीत सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा हा समूह आहे. तेथील एका शिलालेखात कानभोज कुळातील कुमार विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह आणि पाण्याच्या टाक्या दान दिल्याची नोंद आहे. दात्याचे नाव सुमारे अठराशे वर्षे टिकले. ज्यांनी छिन्नी धरली, त्यांचे नाव कुठेही नाही. ते आले कुठून, त्यांना बोलावले कोणी, मोबदला काय ठरला, याविषयी दगड गप्प आहे.

आता त्याच तालुक्यात रायगडावर चला. जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे आणि ते सेवेस सदैव तत्पर असल्याचा उल्लेख त्यासोबत आहे. राजधानी उभारणाऱ्या माणसाने आपले नाव तटावर वा कमानीवर न लावता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली लावले. याकडे आपण बहुधा निष्ठेचे प्रतीक म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण एका वेगळ्या दृष्टीने पाहिले, तर काम आणि कर्त्याचे नाव एकाच जागी ठेवणारी ही आमच्या परिसरातील फार दुर्मीळ नोंद आहे. गड पाहिला की करणाराही कळतो. मावसबहिणीला मी म्हटले, तुझ्या अ‍ॅपला नेमके हेच करायचे आहे.

मधली काही शतके आश्रयाची होती. राजवाडा, देवस्थान, सरदाराचा वाडा आणि घराण्यातून चालत आलेले कसब यांवर कारागिरांचे पोट चालत असे. कुंभाराच्या मुलाला कुंभारकाम शोधावे लागत नव्हते, परंतु दुसरे काही शोधण्याची मुभाही त्याला नव्हती. हा टप्पा इथे ओझरताच सांगतो, कारण ‘नोकरी शोधणारा कलापदवीधर’ हा प्राणी अजून जन्माला यायचा होता.

त्याचा जन्म मुंबईत झाला. सर जमशेटजी जिजीभाई यांनी देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. देशी कारागिरांचे कसब सुधारावे, हा तिचा मूळ हेतू. पण वर्गात हळूहळू वेगळीच मुले दिसू लागली: इंग्रजी शिकलेल्या शहरी घरांतली, ज्यांच्या वडिलांनी कधी हातात छिन्नी वा ब्रश धरला नव्हता. कारागिराला शाळेची फी आणि बुडालेली मजुरी दोन्ही परवडत नव्हती. आजही कलामहाविद्यालयांची फी आणि साहित्याचा खर्च पाहिला की हा विरोधाभास फार जुना वाटत नाही.

१८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक म्हणून आले आणि विद्यार्थ्यांना कामे मिळू लागली. मुंबई त्या वेळी दगडात उभी राहत होती. १८७८ ते १८८८ या काळात बांधल्या गेलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीव सजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आपल्यापैकी किती जण रोज त्या पाना-फुलांखालून धावत लोकल पकडतात! १८७२ पासून ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि तेथील भित्तिचित्रांच्या नकला तयार होऊ लागल्या. वर्षानुवर्षे चाललेले हे काम लंडनला पाठवण्यात आले आणि १८८५ मधील आगीत त्यातील मोठा भाग जळाला. पुढे १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा भव्य ग्रंथ निघाला. त्यावर नाव ग्रिफिथ्स यांचे. गांधारपाल्याची आठवण येते ना?

या दोन्ही कामांत काम शोधणारा होता शिक्षकच. सरकारी खाते शाळेला सांगे, शाळा विद्यार्थ्याला पाठवी. आज आपण ज्याला प्लेसमेंट म्हणतो, ते हेच. विद्यार्थ्याला स्वतंत्र नाव नव्हते, पण पोटाला काम होते.

मग एक अशी व्यवस्था आली, जी मुंबईबाहेर, पार आमच्या घाटाखालच्या गावांपर्यंत पोहोचली: परीक्षा आणि प्रमाणपत्र. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या श्रेणी परीक्षा तुमच्यापैकी अनेकांनी दिल्या असतील. (मी इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात केळी काढली होती. परीक्षकांना त्या मिरच्या वाटल्या असाव्यात. ‘सी’ श्रेणी मिळाली.) या परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व्यवस्थेचा वारसा आहेत. आज त्या १९६५ साली स्थापन झालेल्या कला संचालनालयातर्फे होतात. दहावीच्या वाढीव गुणांसाठी आपण त्यांना बसतो, पण त्यांच्यापासून निघणारी वाट शिक्षक पदविकेतून थेट एका पदापर्यंत जात असे. ते पद म्हणजे ‘ड्रॉइंग मास्तर’.

या पदाची थोरवी आपण विसरलो आहोत. कलाकाराला महिन्याच्या महिन्याला पगार, ठरलेली वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन देणारी महाराष्ट्रातील ही सर्वांत दूरवर पसरलेली नोकरी. त्यासाठी कोणाची ओळख लागत नसे. निदान कागदावर तरी नाही. मुंबईचा प्रसिद्ध चित्रकार आणि तालुक्याच्या हायस्कुलातील मास्तर एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचेच पाहा: कोल्हापूरहून १८९० साली ते विद्यार्थी म्हणून जे. जे. त आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली तिथूनच निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींचे शीर्षकच त्यांच्या नोकरीचा दाखला आहे. पगाराची खात्री असल्यामुळे ते बाहेर पोथ्यांची, पोस्टकार्डांची, पुस्तकांची चित्रे करू शकले.

ज्यांना असे स्थैर्य लाभले नाही, त्यांची पायवाट धुंडिराज गोविंद फाळके यांच्यासारखी. १८८५ मध्ये जे. जे. त प्रवेश, मग बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, शिळाछापाचा व्यवसाय आणि अखेरीस १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. आजच्या एखाद्या नोकरीच्या संकेतस्थळावर त्यांचा अर्ज गेला असता, तर ‘वारंवार क्षेत्र बदलणारा उमेदवार’ म्हणून यंत्राने तो पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला असता, असे मला राहून राहून वाटते.

आता या धाग्यातील माझी सर्वांत आवडती गोष्ट. ती आमच्याच जिल्ह्यातली आहे. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. अलिबागजवळ सासवणे नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपतीच्या मूर्ती घडत. मुलाचा हात तिथेच तयार झाला. त्याने गावच्या देवळाच्या भिंतीवर अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र काढले. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड दौऱ्यावर असताना त्यांची नजर त्या भिंतीवर गेली. हे कोणी काढले, अशी त्यांनी चौकशी केली आणि त्या मुलाची जे. जे. त शिकण्याची सोय करून दिली. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, लंडनमध्ये शिकले आणि १९२८ साली पुण्यात त्यांनी घडवलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. देवळाच्या भिंतीवरचा घोडा ब्राँझचा झाला. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. अलिबागला जाल, तेव्हा समुद्रात पाय बुडवण्याआधी ते पाहा.

हे रॉथफेल्ड म्हणजे तेच, ज्यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि ज्याची चित्रे धुरंधरांनी काढली. एका बाजूला नामांकित चित्रकाराला पुस्तकाचे काम, दुसऱ्या बाजूला खेड्यातील मुलाला शाळेचे दार. दोन्हींच्या मध्ये एकच माणूस. त्या काळी पाहण्याची दृष्टी आणि चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीत एकत्र आले, तरच असे घडे.

मात्र या गोष्टीने मी जितका आनंदतो, तितकाच अस्वस्थही होतो. साहेबाचा दौरा ज्या वाटेने गेला नाही, त्या वाटेवरच्या भिंतींचे काय? पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळीच्या घाटाकडे, पावसाळ्यात ज्या वाड्यांना आजही रस्ता धड नसतो, तिथल्या भिंतींवर कोणी काय काढले होते, हे आपल्याला कधीच कळणार नाही. आणि साहेब आलाच असता, तरी देवळाच्या भिंतीपर्यंत पोहोचण्याची परवानगी प्रत्येक मुलाला होती का?

या प्रश्नासाठी पुन्हा महाड तालुक्यात यावे लागते. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झालेले. कोकणातील महार समाजाच्या कित्येक कुटुंबांना सैन्यातील नोकरीने पगार, शिक्षण आणि निवृत्तिवेतन दिले होते. १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने भरतीचे धोरण बदलले, ठरावीक ‘लढाऊ’ जातींच्याच पलटणी ठेवण्याचे ठरले आणि महारांची भरती बंद झाली. कोणाची नेमबाजी बिघडली नव्हती, कोणी शिस्त मोडली नव्हती. यादीतला एक रकाना तेवढा काढून टाकला गेला. त्याविरुद्ध वलंगकरांच्या पुढाकाराने १८९४ मध्ये विनंतिपत्र तयार झाले. १८९५ साली त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. चवदार तळ्याचा सत्याग्रह यानंतर बत्तीस वर्षांनी त्याच गावात झाला.

पलटणीच्या भरतीचा चित्रकारांशी संबंध काय, असे कोणी विचारील. मावसबहिणीच्या आराखड्यात नोकरी देणाऱ्यासाठी एक पडदा आहे. त्याला तिने ‘गाळणी’ असे नाव दिले आहे: शहर, महाविद्यालय, पदवी, इंग्रजी येते की नाही. मालकाने एक टिचकी मारली की एक अख्खा गट यादीतून नाहीसा होतो आणि त्या गटातील कोणालाही ते कळत नाही. वलंगकरांना निदान विनंतिपत्र कोणाच्या नावे लिहायचे, ते ठाऊक होते. मी तिला एवढेच सुचवले की, ज्याला गाळले गेले, त्याला कोणत्या जाळीने गाळले हे दिसले पाहिजे. ती म्हणाली, ‘‘मालक असं अ‍ॅप वापरायचेच नाहीत.’’ तिचेही खोटे नाही.

विसाव्या शतकात कामाचे स्वरूप पालटले. छापखाने, कॅलेंडरे, दिवाळी अंक, औषधांच्या बाटल्या, सिनेमाची पोस्टरे, सर्वांना चित्र हवे होते. १९३० च्या दशकाच्या आरंभीच्या मंदीत जे. जे. बंद करण्याचा विचारही सरकारी पातळीवर झाला होता. त्याच दशकात, १९३५ साली, तिथे व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. शाळेने बाजाराची भाषा शिकायला घेतली. दीनानाथ दलालांसारखा जे. जे. तून बाहेर पडलेला चित्रकार मुखपृष्ठांमुळे घराघरांत पोहोचला आणि १९४५ साली त्याने ‘दीपावली’ हा स्वतःचाच अंक काढला. १९५८ साली उपयोजित कलेची संस्था वेगळी झाली.

या काळात कामाला नावे मिळत गेली आणि ही नावेच पुढे अडचणीची ठरली. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले. मग आले कमर्शियल आर्टिस्ट, ले-आउट आर्टिस्ट, व्हिज्युअलायझर, आर्ट डायरेक्टर, ग्राफिक डिझायनर आणि आता यूएक्स डिझायनर. हात तोच, पाटी वेगळी.

सरकारला तर पाटीवाचून चालतच नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये देशात रोजगार विनिमय कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली आणि काही वर्षांतच ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा कळवणे बंधनकारक झाले. आपल्या आई-वडिलांच्या पिढीचे ‘एम्प्लॉयमेंट कार्ड’ ते हेच. कॉल येईल म्हणून वर्षानुवर्षे त्याचे नूतनीकरण होत असे. या व्यवस्थेत प्रत्येक व्यवसायाला एक क्रमांक असतो. व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणाच्या १९५८, १९६८, २००४, २०१५ अशा आवृत्त्या निघाल्या. दोन आवृत्त्यांमध्ये छत्तीस वर्षांचे अंतर पडलेले पाहून मी वही मिटली. त्या छत्तीस वर्षांत कलमदानाचा संगणक झाला! १९६८ च्या पाटीवर बसलेल्या कारकुनाने संगणकावर अक्षरे घडवणाऱ्या र. कृ. जोशींना कोणत्या क्रमांकाखाली टाकले असते? चित्रकार, मुद्रक, प्राध्यापक, की अभियंता? ते जे. जे. चे विद्यार्थी, जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक, आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधील शिक्षक आणि ‘मंगल’ या देवनागरी टंकाचे कर्ते. मराठी संगणकावर आली त्या पहिल्या वर्षांत आपण बहुतेक सर्वांनी त्यांची अक्षरे वापरली आहेत, त्यांचे नाव न घेता.

आणि ड्रॉइंग मास्तर? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभराहून अधिक असेल, तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक असावा, असे म्हटले आहे. पोलादपूरच्या डोंगरातील कितीतरी शाळांचा पट या आकड्याच्या जवळपासही जात नाही. जी नोकरी एकेकाळी खेड्यापर्यंत पोहोचली होती, ती खेड्यातूनच आधी निघून चालली आहे. माझ्या बहिणीच्या वर्गातील निम्मी मुले ‘आधी मास्तरकी मिळते का बघू’ म्हणणारी होती, असे ती सांगते. आता त्यांच्यापैकी कोणी महाडच्या एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याची लेबले करतो, कोणी लग्नपत्रिका, कोणी मुंबईत चौघांत एक खोली घेऊन राहतो.

एक गोष्ट आतापर्यंत सांगायची राहिली. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही. त्या दुःखापुढे आमच्या घरचे नुकसान काहीच नव्हते, म्हणून त्याविषयी कोणी फारसे बोलले नाही. मावशीच्या घरात पहिला मजला गाठेपर्यंत पाणी चढले होते. बहिणीच्या तीन वर्षांच्या ड्रॉइंग शीट खालच्या खोलीत, पलंगाखाली होत्या. चिखल काढताना त्यांचा लगदा हाताला लागत होता. पुढे गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रती अर्ज करून मिळाल्या. शीटची दुय्यम प्रत कोणत्या खिडकीवर मिळते?

म्हणून तिच्या अ‍ॅपचे पहिले पान कामासाठी आहे. नाव टाकण्याआधीच ते तीन कामांची छायाचित्रे मागते आणि प्रत्येकाखाली एक प्रश्न विचारते: यात तुमचा हात नेमका कुठे लागला? अजिंठ्याच्या नकला करणाऱ्या मुलांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कामाचा प्रकार निवडायला तिने एक यादी दिली आहे, पण स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची जागाही ठेवली आहे. पदवीचा रकाना सक्तीचा ठेवावा की ऐच्छिक, यावर तिचे आणि तिच्या मार्गदर्शकांचे अजून जुळलेले नाही. त्यांचे म्हणणे, अ‍ॅप पदवीधरांसाठी आहे. पदवीच विचारली नाही, तर फसवणूक कशी टाळणार? तिचे म्हणणे, मग बाबूराव पेंटर यात कुठून शिरणार?

गेल्या रविवारी आम्ही दोघे बाजारपेठेतील एका वयस्कर पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी चाळीसेक वर्षे महाड-पोलादपूरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आल्यापासून काम जवळपास थांबले आहे. बहिणीने त्यांच्या हातात फोन दिला आणि तीन कामांची छायाचित्रे काढून आणायला सांगितली. काका चप्पल घालून निघाले, आम्ही मागोमाग. एक पाटी बुजलेल्या दुकानावर मिळाली, दुसरी शाळेच्या भिंतीवर. तिसरी कापडदुकानाची, त्यांच्या मते आयुष्यातली सर्वांत चांगली, वळणदार अक्षरांची; पण तिच्यावर आता फ्लेक्स ठोकलेला आहे. काका बराच वेळ खाली उभे राहून वर पाहत राहिले. मग बहिणीकडे वळून म्हणाले, ‘‘बाळ, फ्लेक्स वर करून फोटो काढायचा, तर शेटजींना विचारावं लागेल. ते तुझ्या त्या अ‍ॅपात कुठे विचारायचं?’’

तिने वही काढून तो प्रश्न लिहून घेतला आणि आम्ही दुकानाच्या पायऱ्या चढलो.